दोघांपैकी एक

४ मार्च
हितेंद्रचं हेलिकॉप्टर पाडलं. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, खालून गोळीबार झाला, संपर्क तुटलाय." बस, एवढंच!

हवाई दलातून निवृत्त झाल्यावर हितेंद्र म्हणाला होता — आता फक्त धान्य वाहायचं, ज्योत्स्ना. सुदानमधल्या उपाशी लोकांसाठी पोती नेत होता. अशा माणसावर कोणी गोळी झाडतं?

बरोबर इंजिनिअर योगेंद्र. धुळ्याचा. त्याची बायको सुलक्षणा, तिला मीच फोन केला. नुसता श्वास ऐकू येत होता.

९ मार्च
जिवंत आहेत! दोघंही. बंडखोरांच्या ताब्यात. त्यांनीच व्हिडिओ पाठवला. हितेंद्रचा डोळा सुजून बंद. योगेंद्रचा पाय मोडलाय.

सासरे चाळीसगावहून आले. व्हिडिओ बघून म्हणाले, "मना पोऱ्या जित्ता शे. रडू नको." मग मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. ऐकू येतं, आबा.

२ एप्रिल
काही नाही.

१९ एप्रिल
दिल्लीहून तेच — "प्रयत्न चालू आहेत." कसले?

सुलक्षणा आली. मेहरूण तलावावर बसलो. म्हणाली, "ताई, सर आमच्या ह्यांना टाकून येणार नाहीत." मी म्हटलं, नाहीच येणार.

११ मे
फोन! सुदानशेजारच्या चाडमधून. "सुटलो, ज्योत्स्ना." मी ओरडले, आबांना हाका मारल्या. मग विचारलं — आणि योगेंद्र?
त्याने फोन ठेवला.

१६ मे
हितेंद्र घरी. हाडं उरलीत. पलंगावर झोपत नाही, दाराशी फरशीवर पडतो.

आज आपण होऊन बोलला. शाळेच्या एका खोलीत कोंडलं होतं. बॉम्ब पडले, मागची भिंत कोसळली, पहारेकरी पळाले. याने योगेंद्रला पाठीवर घेतलं आणि कोरड्या नदीत उतरला. दुसऱ्या दिवशी पाणी संपलं. मागून गाडीचा आवाज. योगेंद्र म्हणाला, "सर, मला खाली ठेवा. तुम्ही तरी जा."

ठेवलं. बाभळीखाली. पुढे उंटवाल्यांनी याला सीमेपार नेलं.

"श्वास चालू होता त्याचा," एवढंच पुन्हा पुन्हा.

१८ मे
सुलक्षणा आली. हितेंद्रने काही लपवलं नाही.
"श्वास चालू होता?"
"हो."
"मग ते आहेत."
चहाला हात लावला नाही. जाताना मला ताई म्हणाली नाही.

मला माझा माणूस मिळाला. तिच्यासमोर मान वर करता येत नाही.

२३ मे
योगेंद्र जिवंत आहे! कंपनीचा फोन आला. पुन्हा बंडखोरांच्याच तावडीत. सोडवायला कंपनीची माणसं जाताहेत, हितेंद्र त्यांना वाट दाखवणार म्हणतो. मी आबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जाऊ दे त्याले."
हितेंद्रने बॅग भरली. बॅगेची चेन मी लावून दिली.