दगडातल्या बाळाचं बारसं

पुरानी बस्ती, रायपूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. सुशील यास,
अनेक आशीर्वाद. आईचे गुडघे कसे आहेत? माझं बरं चाललंय. तुमचं गुढियारी इथून काही लांब नाही, तरी पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान तुझी बायको, रूपाली तरी फोडेल.

बातमी अशी, की नर्मदेकाठून प्लास्टरमध्ये गुंडाळून आणलेला आमचा डायनासोर अगदी नव्या जातीचा निघाला. शेजारी अंडीही होती. पण शेजारी सापडली म्हणून त्याचीच कशावरून, असं विचारून सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं होतं. मागच्या आठवड्यात एक फुटकं अंडं सुईने साफ करत होते, तर आत इवलंसं हाड! मोठ्याच्या मांडीच्या हाडाला जसा बाक, तस्सा याला. मी प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत रडले. सोबतचा नीलकंठ घाबरला, "दीदी, टूट गया क्या?"

हे आईला फोनवर सांगत होते, तेवढ्यात अबोलीने तिच्या हातातून फोन ओढला. "आत्या, अंडे में सच्ची में बच्चा है क्या?" सहा वर्षांची झाली तुझी लेक, आणि मला आत्या म्हणाली ती पहिल्यांदाच. मग मागून तुझा आवाज आला आणि फोन बंद झाला. बॅटरी संपली असेल, असं मी धरून चालते.

तिच्या बारशाला मला बोलावलं नव्हतंस. मूलबाळ नसलेल्या बाईने पाळण्यातलं नाव ठेवू नये, असं कोणी म्हणालं आणि तू गप्प बसलास. आईने तुला विचारलं होतं म्हणे, "काहून गप आहेस रे? सख्खी आत्या असून पोट्टीचं नाव दुसरीनं ठेवावं?" मला फार लागलं ते, सुशील. अजून लागतं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले.

आता या नव्या जातीचं नाव ठेवायचा मान माझा आहे. शोधनिबंधात ती जागा मी कोरी ठेवली आहे. रविवारी अबोलीला घेऊन ये. नाव तिने सुचवायचं, मी अंड्यापाशी वाकून कुर्रर्र करायचं. दगडाला कुठले कान, म्हणशील. म्हण खुशाल. पण पाठीत धपाटे घालायला रूपाली हवी, आणि तूही हवास. जोरात घाल, सहा वर्षांचे राहिलेत.

तुझी ताई,
आणि अबोलीची आत्या,
सुनीती