माशी, खाजकुइली आणि बकरी

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. सुनेनं सासऱ्यांना असं पत्र लिहायची काही रीत नाही, पण काल क्लासमध्ये जे झालं ते तुम्हालाच सांगायला हवं.

आठवतं? बोईसरच्या कारखान्यातल्या मुलांना मी मोबाइलवरून इंग्रजी शिकवत होते आणि वैतागाचे शब्द निघाले. ॲनॉय, इरिटेट, एक्झॅस्परेट. मी पुस्तकी अर्थ सांगतेय तोच तुम्ही शेजारच्या खुर्चीवरून सुरू झालात. "ॲनॉय म्हंजे माशी, हाकलली की गेली. इरिटेट म्हंजे खाजकुइली, खाजवू तेवढी वाढते. आणि एक्झॅस्परेट म्हंजे वाडीत तिसऱ्यांदा शिरलेली बकरी. हाकलून हाकलून आपणच थकतो."

सगळे हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लास संपल्यावर मी म्हणाले, "अण्णा, या वेळात वाडीत बसत जा ना."

तुम्ही खुर्ची उचलून गेलात. पुन्हा क्लासच्या वेळी खोलीत आला नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. तुमच्या त्या गप्प राहण्याला यातला कुठला शब्द लावायचा, हे कोडं मी कालपर्यंत सोडवत होते. नुसती माशी होती, की त्याहून खोल काही?

काल एकाने विचारलं, "मॅडम, टँकर तिसऱ्यांदा उशिरा आला. साहेबांना मेलमध्ये काय लिहू, इरिटेटेड?" मी काही बोलायच्या आत खिडकीबाहेरून आवाज आला, "तीनदा ना? मग ती बकरी."

आपल्या वाडीत चिकू निवडायला येणारी जानी! अर्थ अगदी बरोबर होता, एक्झॅस्परेटेड. (साहेबांना मात्र तो शब्द लिहू नको, असं मी मुलाला सांगितलं.) क्लास आटोपून मी धावतच बाहेर गेले. "तुला कोणी शिकवलं गं?"

"अण्णांनी. रोज या खिडकीखाली बसत. तुमी शिकवाल ते मला समजावत. मी हसले तर बोलत, हळू, तिचा क्लास हाय."

"माझ्यावर रागावले होते का?"

"पैल्या दिवशी. नीट जेवले पण नाय. मग बोलले, तिचं काम हाय ते, मी मधी बोलायला नको होतं."

म्हणजे लागलं होतं तुम्हाला. अण्णा, इतके दिवस भिंतीपलीकडेच होतात, एकदा खिडकीतून डोकावायचं तरी. मी माफी मागितली असती. आता मागते.

उद्यापासून क्लास ओटीवर घेईन. जानीही समोर बसेल, आणि ती मध्येच बोलली तर बोलू देईन.

तुमची सून,
गौरी