अप्पांचा दोष

४ फेब्रुवारी
अप्पा ऑपरेशनला नाहीच म्हणाले. हृदयाच्या डॉक्टरांसमोर फाइल मिटली आणि उठले. गाडीत मी म्हटलं, "हा नुसता हेका आहे." तर म्हणे, "असू दे. बाप कुणाचा?"

७ फेब्रुवारी
वर्गात शोकांतिका. नायकाला शत्रू मारत नाही, त्याच्यातलाच एक दोष मारतो — हे सांगताना डोळ्यांसमोर अप्पाच. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तो दोष आहे हे ठरवतं कोण? त्याला कुणी विचारतच नाही." वर्ग हसला. मी तास संपत आल्याचं निमित्त केलं. 

८ फेब्रुवारी
रविवार, म्हणून आई-अप्पांकडे. आई आता मला ओळखत नाही. 'बाई, बसा' म्हणते. "आमची जेवणं झाली" — अप्पांचं दर रविवारचं ठरलेलं वाक्य. मग मी बोलू नये ते बोलले. "तुम्हाला कुणापुढे आडवं पडायचं नाही, एवढंच. तुमच्या अहंकारापायी आई उघड्यावर पडेल."
अप्पा बराच वेळ तिची शाल नीट करत राहिले. "हिच्याकडे कोण बघेल?"
"मी आहे ना."
"तू आहेस," म्हणाले. मी तो होकार धरला. जिंकल्यासारखं वाटलं. लाज वाटली, पण घरी आल्यावर.

१२ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. सुखरूप.

१३ फेब्रुवारी
आई जेवत नाही. कालपासून घोटभर पाणी, तेही सांडून. घास नेला की तोंड घट्ट मिटते आणि दाराकडे बघते.
शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, वर्षभर ती त्यांच्याच हातून खातेय. एक घास गाऊन, एक रागावून. तासन् तास चालतं. तुला कळू द्यायचं नाही म्हणाले — पोर नोकरी सोडून बसेल."
आणि मी कशाला हेका म्हणत होते!

१५ फेब्रुवारी
आईलाही भरती केलं. नाकातली नळी ओढून काढते. छाती कफाने भरली आहे. अप्पा अजून अतिदक्षता विभागात, तिथे हिला नेता येत नाही.

१७ फेब्रुवारी
आई पहाटे गेली.

१८ फेब्रुवारी
अप्पांना साध्या खोलीत आणलं. डॉक्टर म्हणाले, इतक्यात काही सांगू नका. मला बघताच अप्पांनी विचारलं, "जेवते ना ती?"
मी हो म्हटलं.
"बघ. उगाच घाबरत होतो मी."