सहीच्या आधी

प्रिय धाकट्या,

शुक्रवारी नव्या घराच्या कर्जाच्या कागदांवर तुझी सही आहे, म्हणून हे पत्र आजच तुझ्या दाराखालून सरकवतेय. फोनवर मला जमणार नाही. सहीच्या आधी शेवटपर्यंत वाच. मधेच चहा टाकायला उठू नकोस, तुझी सवय ठाऊक आहे मला.

दमले रे मी. चोवीस वर्षं पगार विभागात काढली. चौऱ्याहत्तर दुकानं, नऊ हजार माणसं आणि दर महिन्याला तेच रडगाणं. वीस तारखेला हजेरी बंद म्हणून ओरडून सांगावं, तर तेवीसपर्यंत एकेक मॅनेजर आपला सावकाश उगवतोय. कुणी जाताना मशीनवर बोट लावायला विसरतं, त्याचा अर्धा दिवस कापला की शिव्या मला. पगार बरोबर झाला तर नऊ हजारांतला एकही फोन करत नाही. तू आमच्याच गोदामात लागलास तेव्हा काय मिरवायचास, की पगार माझी ताई काढते! मी तुझेही दोन लेटमार्क कापले, तर आठवडाभर अबोला धरलास. आई अर्थातच तुझ्या बाजूची.

पण हा शीण त्या कामाचा नाही. कुणाला काढायचं ठरलं की ती यादी सगळ्यात आधी आमच्याकडे येते, कारण त्यांचा शेवटचा हिशेब तयार ठेवावा लागतो. त्या माणसाला कळायच्या आधी दोन आठवडे आम्हाला कळलेलं असतं. आणि ब्रसुद्धा काढायचा नाही, तसं लिहून दिलंय आम्ही. गेल्या वर्षी कॅश काउंटरवरच्या एक बाई लेकीच्या कॉलेजची फी भरून आल्या आणि मला हौसेनं पावती दाखवली. त्यांचा हिशेब मी सकाळीच करून ठेवला होता. मी अभिनंदन म्हणाले. पंधरा दिवसांनी त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. मला आधीच माहीत होतं का, एवढंच विचारलं त्यांनी. मी मान खाली घालून कागद चाळत बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी घरी येऊन स्वतःची समजूत घातलीच, नियम म्हणजे नियम.

काल सकाळी नवी यादी आली. तुमचं गोदाम बंद होतंय आणि यादीत तू आहेस. तुझा हिशेब मीच केला. चार पैसे वाढतात का बघायला तीनदा केला, आकडा तोच. त्यावर घराचे चार हप्तेसुद्धा निघणार नाहीत. सही करू नकोस, बाळा. मी तुला सांगितलं हे सोमवारी साहेबांना मी स्वतःच सांगणार आहे, मग काय व्हायचं ते होवो. पण तू मला माफ कर. नोकरीबद्दल नाही, ती काही मी घालवली नाही. काल दुपारी तू फोन करून विचारलंस ना, बाहेरच्या खोलीला कुठला रंग देऊ म्हणून? तेव्हा ती यादी माझ्यासमोर उघडी होती. आणि मी म्हणाले, पिस्ता दे, छान दिसेल.

तुझीच,
ताई