ब्यूक घेऊन निघालेय

निमिष ऑफिसला गेला आणि अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं ते मोठं घर पुन्हा गप्प झालं. त्याच्या बाबांची, प्रतापरावांची जुनी ब्यूक स्टेशन वॅगन आज दुपारी कुणीतरी विकत घेऊन जाणार होतं. "आई, इट्स जस्ट अ कार," असं निमिष काल म्हणाला होता. आता नंदाताईंनी फ्रिजवर चिठ्ठी लावली.

"निमिष, मी ब्यूक घेऊन शिकागोला नेत्राकडे निघालेय. त्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांग. गाडीची काळजी करू नकोस. बाबा गेल्यापासून तू ऑफिसला गेलास की मी तिला लायब्ररीपर्यंत फिरवून आणते, तुला बोलले नव्हते. इथल्या एवढ्या थंडीतही ती पहिल्याच चावीला सुरू होते. मागच्या उलट्या सीटवर बसून तू आणि नेत्रा मागून येणाऱ्या गाड्यांना हात करायचात आणि बाबा आरशात बघून हसायचे. घरात तसं हसणं ऐकून फार दिवस झाले रे. तू दमून येतोस, कळतं मला. आमटी फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लाव."

त्याखाली त्यांनी 'रविवारी येते' असं लिहिलं. हायवेवर एकटीने गाडी न्यायची त्यांची ही पहिलीच वेळ होती, पण पेन थांबलं ते त्यामुळे नव्हे; या गप्प घरात रविवारी परतायचंच आहे का, हे त्यांचं ठरत नव्हतं. त्यांनी ती ओळ खोडली, 'पोचले की फोन करते' एवढंच लिहिलं आणि पर्स उचलली.