सोंग नव्हतं ते

आई, काल पुन्हा मंचरला डॉक्टरकडे गेले होते. गेले माझ्या उदासीसाठी, आणि निम्मा वेळ तुझ्याबद्दलच बोलत बसले.

तळेघरच्या अंगणवाडीत तू सेविका होतीस, तेव्हा कुठल्या पोराचं वजन किती, कोण नाचणीची लापशी थुंकतं, सगळं तुला वही न उघडता ठाऊक असायचं. मामा गेला आणि त्या वर्षी तू हळूहळू मंदावलीस. भातात मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. भरदुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस. मी बारावीत होते. एकदा तुझ्या उशाशी उभी राहून म्हणाले, "पुरे झालं हे सोंग! कामाला जायचं नाही म्हणून पडून राहतेस." तू उठून बसलीस. "सोंग न्हाई गं बाई. डोक्यात काय ऱ्हातच न्हाई." मग केस बांधलेस आणि तशीच अंगणवाडीत निघालीस. मी मागोमाग. दारातच एक चिमुरडी धावत येऊन तुझ्या कमरेला बिलगते. तू तिच्या डोक्यावर हात ठेवतेस, ओठ हलतात, नाव येत नाही. "लई गुणाची हाय ही," एवढंच म्हणतेस, आणि माझ्याकडे बघायचं टाळतेस.

काल डॉक्टरांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मेंदूतलं एखादं रसायन कमी पडलं, एवढं सोपं नसतं हो ते. दुःख फार काळ मुरलं की पेशींच्या फांद्या आखडतात, काही पेशी जातातही. आठवणी सांभाळणारा भाग बारीक होऊ शकतो." मी विचारलं, "मग ते परत भरून येतं?" "बरंचसं येतं. उपचार मिळाले, माणसं सोबत राहिली, की नव्या फांद्या फुटतात." तुला दोन्ही मिळालं नाही, आई. औषध कुठं मिळतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं, आणि सोबतीला मी होते, ती अशी. पाच वर्षांनी तू काविळीनं गेलीस. तोवर मी तुझी माफी मागितली नाही. तू पुन्हा कधी तक्रारही केली नाहीस.

पहिल्या भेटीपासून मी रोज सकाळी उदासीवरची गोळी घेते. झोप सुधारलीय, परवा तर उगाच गुणगुणलेसुद्धा. हे तुला कुठल्या पत्त्यावर धाडू? आणि एक सांगायचं राहिलं. परवा लेकीनं विचारलं, "आई, ही कसली गोळी?" मी म्हणाले, "पित्ताची."