मैदान झोपलंय

प्रिय चिमणे,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. आईला फोन सोडून पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुला वाटेल. आपला फोन बाहेरच्या खोलीत, तुझ्या बाबांच्या खुर्चीला खेटून, आणि त्यांचे कान या वयातही इतके तिखट की मी आत डब्याचं झाकण उघडलं तरी विचारतात, काय खातेस. आत्ता ते मैदानाला चक्कर मारायला गेलेत. म्हणजे मैदानाभोवती आता पत्रे ठोकलेत, त्या पत्र्यांच्या बाहेरून. ते परतायच्या आत हे टपालपेटीत पडायला हवं, म्हणून अक्षर गिचमीड आलं तर चालवून घे.

बटणांचा कारखाना तुला आठवायचा नाही, तू रांगत होतीस तेव्हाच तो बंद पडला. कामगारांना खेळायला मालकाने ते मैदान ठेवलं होतं आणि ते राखायला तुझ्या बाबांना. कारखाना गेला, पगार गेला, पण बाबा काही मैदान सोडून आले नाहीत. म्हणायचे, गवताला काय माहीत कारखाना बंद झालाय ते. मी शिलाई मशीनवर संसार ओढत होते आणि हे गृहस्थ रोज सकाळी फुकटची हजेरी लावत होते. किती भांडले असेन मी! पण संध्याकाळी तुला आणायला जायचे तर अख्खी गल्ली तिथे पसरलेली असायची. म्हातारी बाकांवर, पोरं धुळीत, कुणाचं लग्न जमतंय, कुणाचं मोडतंय. भांडायला म्हणून गेलेली मी तिथेच गप्पा मारत बसायचे. मातीतून बटणं निघायची ती बाबा खिशात घालून आणायचे आणि मी धुऊन लोकांच्या शर्टांना लावायचे. आपल्या गल्लीत एका शर्टाची सगळी बटणं सारखी दिसत नाहीत, त्याला कारण मी.

आणि मैदानाची झोप तर तू विसरणं शक्यच नाही. दरवर्षी नवं बी टाकलं की बाबा फाटकाला दोरी बांधायचे आणि तू पहिलीत असताना रंगवलेली पाटी अडकवायचे, 'मैदान झोपलंय'. कोंब धरेपर्यंत कुणी आत पाय टाकायचा नाही. धाक कुणाचाच नव्हता, तरी कुणी टाकत नसे. चेंडू आत गेला तर मैदान जागं होईपर्यंत तिथेच पडून राहायचा. न्हावीभाऊंचं ते उनाड कुत्रंसुद्धा दोरीपाशी येऊन बसायचं.

यंदा मालकाच्या नातवांनी मैदान विकायला काढलं. पोरं भली, आधी नगरपालिकेला विचारलं. मोकळ्या जागा विकत घेऊन राखायच्या म्हणून आपण सगळे इतकी वर्षं कराबरोबर थोडी जास्तीची रक्कम भरतोय, त्या निधीतून आपलं मैदान घ्यायचं असं घाटत होतं. मागणी आणखी एका वस्तीचीही होती, आणि ज्या जागेचा वापर जास्त तिला पैसे, असा नियम. मी मनात म्हटलं, मग काय, जिंकलोच. बाबांना तर आभाळ ठेंगणं झालं. म्हणाले, पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडायला नको का? आणि बी नेहमीपेक्षा लवकर टाकलं, सरकारी माणसं बघायला येतील तेव्हा मैदान हिरवंगार दिसावं म्हणून.

माणसं मोजणारा आला तो नेमका मैदान झोपलेलं असताना. तो मोजायला आलाय हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? गाडीत बसायचा, काचेतून बघायचा. आम्हाला वाटलं, आपण मैदानाची निगा कशी राखतो ते तपासायला साहेब आलाय. मग गल्लीला जो चेव चढला म्हणतेस! बेकरीवाल्या काकू नातवंडांना लांबच्या रस्त्याने शाळेत न्यायला लागल्या. रोज फाटकातून आडवे जाणारे टपालवाले वळसा घालू लागले. मीसुद्धा, तुझी आई, एका पोराचा कान धरला, तो नुसता दोरीला टेकला होता म्हणून. जितकं जीव लावून जपता येईल तितकं जपलं गं आम्ही.

नगरपालिकेच्या सभेला बाबा आले नाहीत. नव्या गवताची पहिली कापणी होती, ती सोडून ते देवाच्या दारीसुद्धा गेले नसते. आम्ही बाकी सगळे गेलो, जणू बक्षीस घ्यायलाच. तिथल्या कारकुनाने वाचून दाखवलं, की ही जागा वापरात नाही, मोजणीत एकही माणूस आढळला नाही, आणि रखवालीला असलेल्या वयस्कर गृहस्थांना विचारलं तर त्यांनी स्वतः सांगितलं, "एक पाऊल पडत नाही साहेब आत, कुत्रंसुद्धा फिरकत नाही." चिमणे, ते वाक्य मला पाठ होतं. त्या दिवशी घरी येऊन बाबांनी मला ते किती हौसेने सांगितलं होतं, साहेब उतरून आला, मी असं असं म्हणालो, साहेबाने लगेच लिहून घेतलं बघ! त्या आनंदात दोनदा चहा मागून प्यायले होते.

मी उभी राहून बोलले. चारचौघांत तोंड न उघडणारी मी, घसा फुटेपर्यंत बोलले, झोप म्हणजे काय ते सांगितलं. अध्यक्षबाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, तुमचं खरं असेलही, पण मोजणी पुन्हा होत नाही, आणि निधी एकालाच पुरेल एवढा होता, तो त्या दुसऱ्या वस्तीच्या तळ्याकाठच्या बागेला गेला. तिथल्या पोरांचं भलं होवो, त्यांचा काय दोष. येताना आपल्या दाराशी न्हावीभाऊ थांबले आणि एवढंच म्हणाले, वहिनी, आम्ही काही ऐकलेलं नाही. तेव्हापासून गल्ली मूग गिळून बसली आहे. मैदानाला दोरी बांधायचे तशी सगळ्यांनी या गोष्टीला दोरी बांधली आहे, एक पोरसुद्धा ओलांडत नाही.

पण मैदान वापरात नाही असं कुणीतरी साहेबाला सांगितलं, एवढं मात्र बाबांच्या कानावर आलंच. कुणी, हे त्यांना ठाऊक नाही. आपण तर साहेबापाशी मैदानाचं कौतुक केलं, हेच अजून त्यांच्या डोक्यात आहे. रोज एकेकावर संशय घेतात. आता घेतला आहे तो न्हावीभाऊंवर. परवा भर रस्त्यात त्यांना घरभेदी म्हणाले, आणखीही नको नको ते बोलले. इतक्या वर्षांची मैत्री! आणि तो भला माणूस खाली मान घालून म्हणाला, चुकलं माझं. मी खिडकीत उभी होते. मला जाऊन त्यांचे पाय धरावेसे वाटले. बाबांचे केस मानेवर आलेत, पण त्या दुकानाची पायरी चढत नाहीत.

आता मुद्द्याचं. तू फोनवर त्यांना म्हणालीस, बाबा, मी रविवारी येते आणि तो कोण ते शोधून काढतेच. तेव्हापासून माणूस जरा बरा जेवतोय, मला विचारतो, रविवार कधी. तू शोधायला लागलीस तर तुझ्या मायेपोटी कुणीतरी दोरी ओलांडेल, मला ठाऊक आहे. तू ये, पण कुणाला काही विचारू नकोस. त्यांच्या खुर्चीशेजारी बस आणि सांग की मी वरपर्यंत चौकशी केली, कुणीही काही बोललं नव्हतं, पैसेच कमी पडले. ते मानतील. पैसे कमी पडले म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. तुला आठवतं, एकदा तू चेंडूसाठी झोपलेल्या मैदानात शिरलीस, मी विचारलं तर गेलेच नाही म्हणालीस, आणि खोटं बोललीस म्हणून मी तुझ्याशी दिवसभर अबोला धरला होता? शेवटी बाबांनी येऊन सांगितलं, मी पाहून आलोय, आत एक पाऊल पडलेलं नाही, आणि मी तुझी समजूत काढायला धावले. तू मोठी होऊन गेल्यावर ते मला म्हणाले, चिमणीच्या पावलांचे ठसे होते गं, मी हाताने माती सारखी केली. आता तू त्यांच्यासाठी तेवढं कर, बाळा.

तुझीच, आज तुला खोटं बोलायला सांगणारी,
आई